साडूभाऊंचे चार सालदार

नंदुरबार जिल्ह्यात कुणाला शिंक आली, तर ती आधी आमच्या मोठ्या साडूंना कळते आणि मग शिंकणाऱ्याला. हे मी चेष्टेनं म्हणत नाही. माझी बदली झाल्याचं हेडमास्तरांनी मला गंभीर चेहऱ्यानं सांगितलं, तेव्हा ती बातमी सकाळीच साडूंकडून ऐकून, चिडून, आदळआपट करून, शेवटी स्वतःची समजूत घालून मी मोकळा झालो होतो. हेडमास्तरांना वाटलं, काय शांत माणूस आहे! माझी बायको ही त्यांच्या बायकोची धाकटी बहीण. एवढ्या एका नात्यावर हा माणूस गेली पंचवीस वर्षं माझ्या वाट्याला आला आहे. सासुरवाडीला आम्ही दोघे जावई एकदम गेलो की पहिला पाट त्यांना, पहिलं ताट त्यांना, आणि गप्पा सुरू झाल्या की मला हुंकार भरण्यापलीकडे काम नाही. तरी खोटं कशाला बोलू, मला तो माणूस फार आवडतो.

साडू रनाळ्याचे. घरची शेती, मिरची-कापसाची. शिवाय नंदुरबारच्या एका कचेरीत आवक-जावकच्या टेबलावर तीस वर्षं नोकरी. आलेल्या प्रत्येक कागदाला नंबर टाकायचा, ही त्यांना तिथं लागलेली सवय. पण कागदांनी त्यांची भूक भागत नसे. त्यांना हवी असायची ‘हवा’. लोक आज काय बोलतायत, कशावर चिडलेत, कशाला भुललेत, हे कळल्याशिवाय त्यांच्या घशाखाली घास उतरत नसे. त्यासाठी ते दाढी न करता सलूनमध्ये तासन्‌तास बसत. शेअर रिक्षात बसून स्टेशनपासून बाजारापर्यंत जात आणि काही न घेता तसेच परत येत; रिक्षावाल्याला वाटे, डोक्यावर परिणाम झालाय. ऐकलेली प्रत्येक अफवा खिशातल्या वहीत उतरायची आणि तिला आवक क्रमांक पडायचा. पुढे ती खोटी ठरली, तर तिच्यावर लाल शाईनं काट मारून शेजारी ‘निकाली’ असा शेरा. एकदा माझ्याच सुटलेल्या पोटाची चर्चा मला त्या वहीत रीतसर क्रमांकासह सापडली. मी लाल शाईचं पेन त्यांच्या पुढे केलं, तर त्यांनी माझ्याकडे आपादमस्तक पाहिलं आणि वही मिटून खिशात घातली.

निवृत्त झाल्यावर हा माणूस आता काय करणार, अशी आम्हा सगळ्यांना काळजी होती. सलूनवाल्याला तर जास्तच. पण तोवर लोकांनी पारावर बोलणं सोडून मोबाईलवर बोलायला सुरुवात केली होती, आणि साडूंच्या हे सगळ्यांच्या आधी लक्षात आलं. त्यांनी लॅपटॉप घेतला. दोन महिने घरात बसून, चष्मा कपाळावर चढवून, कुठल्या कुठल्या शिकवण्या बघितल्या आणि एक दिवस मला फोन आला, “मास्तर, चार गडी ठेवात मी. आखाजीपाईन कामले लागतीन.” मला वाटलं, मिरचीच्या तोडणीला माणसं ठेवली. आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, आमच्याकडे सालदाराचं साल सुरू होतं. वर्षभरासाठी बांधलेला गडी त्या दिवशी कामावर येतो. मी गेलो तर ओट्यावर लॅपटॉप, त्याच्यापुढे नारळ फोडलेला, पडद्याला कुंकू लावलेलं, आणि शेजारी अक्का, म्हणजे माझ्या मोठ्या मेव्हणी, कपाळाला हात लावून बसलेल्या.

ते गडी म्हणजे एआयचे एजंट. एकदा काम सांगितलं की आपले आपण जातात, लोकांनी उघड्यावर टाकलेले रील आणि त्याखालचे शेरे वाचतात, कशाची चर्चा वाढली आणि कशाची उतरली ते टिपून आणतात. साडूंनी त्यांची नावं ठेवली होती थोरला, मधला, धाकला आणि कारभारी. थोरला व्हिडिओ बघायचा, मधला त्याखालची भांडणं वाचायचा, धाकला सीमेपलीकडची गुजरातीतली चर्चा आणायचा, आणि कारभारी या तिघांचं ऐकून रोज सकाळी ‘आजची हवा’ असा अहवाल लिहायचा. कामाच्या अटी साडूंनी स्वतः लिहून दिल्या होत्या. चावडीवर बोललं जातं तेवढंच ऐकायचं, कुणाच्या बंद दारात डोकवायचं नाही, आणि बाईमाणसाबद्दल वाईट लिहिलेलं पुन्हा इकडे आणून सांगायचं नाही. मी म्हटलं, “अहो, ते यंत्र आहे. त्याला कसल्या अटी?” तर माझ्यावर डोळे वटारून म्हणाले, “काम करस तो गडी. त्याले हातपाय शेतस का नही, ते मी काबर देखू?”

तेव्हापासून रोज सकाळी सहाला माझ्या मोबाईलवर ‘आजची हवा’ येऊन आदळू लागली. कारभाऱ्याची भाषा कचेरीची. ‘जिल्ह्यात पपईविषयी समाधान वाढले असून विजेविषयी नाराजी कायम आहे.’ ही बातमी तर मला आमचा पंखासुद्धा सांगतो! एकदा ‘शिक्षक वर्गात थकवा या शब्दाचा वापर वाढला आहे’ असं आलं, तर साडू अर्ध्या तासात डाळिंबं घेऊन माझ्या दारात हजर. एकदा मोठ्या शहरांत तिखट आईस्क्रीमचं खूळ आल्याची खबर लागली, तेव्हा अक्कांकडून मिरचीचं आईस्क्रीम करवून घेतलं आणि पहिला चमचा माझ्या तोंडात कोंबला. पुढचे दोन दिवस मी कुणाशी बोललो नाही. पण एक कबूल करतो. माझ्या मुलीच्या साखरपुड्याला मी पनीरच्या तीन भाज्या ठरवल्या होत्या. साडूंनी सांगितलं की लग्नांच्या फोटोंखाली लोक पनीरला कंटाळून शिव्या देतायत. आणि मला न विचारता आचाऱ्याला वरण-बट्टी आणि वांग्याची भाजी करायला लावली. मी संतापानं लाल झालो होतो. व्याही मात्र चार बट्ट्या खाऊन उठले आणि जाताना माझे दोन्ही हात धरून म्हणाले, असं जेवण कित्येक वर्षांत झालं नाही. साडू माझ्याकडे न बघता मिशीत हसत होते.

अक्कांचा मात्र या गड्यांवर काडीचा विश्वास नव्हता. “तुम्हना गडीसले सांगा, मिरचीना डेखं खुडाले या म्हनावं,” असं त्या येता-जाता ऐकवायच्या. त्यांना तसं म्हणायचा हक्क होता, कारण घरात खरं राबणाऱ्या त्याच. गावातल्या आठ बायकांचा त्यांचा गट. घरच्याच वावरातली मिरची, पथारीवर उन्हात वाळवायची, एकेक देठ हातानं खुडायचा, दळायची आणि सुरतेकडच्या घरांना वर्षभराचं तिखट म्हणून पाठवायची. ही सगळी विक्री उन्हाळ्यातल्या दीड महिन्यात व्हायची. लोक वर्षाचं तिखट तेव्हाच भरतात. तो दीड महिना चुकला की वर्ष चुकलं. चार वर्षांपूर्वी घराबाहेर न पडणाऱ्या बायका आता सुरतेच्या दुकानदाराशी फोनवर ठणकावून बोलत होत्या. त्यांतल्या दोघींच्या घरी अजून कुरबूर असायची, की हा गट बंद पडला तर बरं, बाई घरात राहील. अक्का म्हणायच्या, गट मोडला तर मिरची विकता येईल कुठंही, पण या बाया पुन्हा ओट्याखाली उतरणार नाहीत.

यंदा आखाजी आली आणि गड्यांचं साल भरलं. आता आमच्याकडची रीत अशी, की साल संपलं म्हणजे सालदाराला आपल्या घरी जाऊ द्यायचं, नवे कपडे द्यायचे, आणि दोन-तीन दिवसांनी बोली करून पुन्हा ठेवायचं. साडूंनी कपड्यांचा विचार तेवढा सोडून दिला. सुट्टी मात्र दिली. लॅपटॉपसमोर हात जोडून म्हणाले, “साल भरनं. आते तीन दिन आराम करा,” आणि चारही गडी बंद केले. मी हसलो, तर म्हणाले की सणाला गड्याला राबवणाऱ्या घरात बरकत येत नाही. शिवाय त्यांना स्वतःलाही त्या तीन दिवसांत कशाचीच शुद्ध नसते. आखाजीला गावच्या लेकी माहेरी येतात. साडूंना आणि अक्कांना मूलबाळ नाही. पण त्यांच्या अंगणातल्या निंबाला गावातला सगळ्यात उंच झोका असतो आणि निम्म्या गावच्या पोरी त्या झोक्यावर आणि त्यांच्या ओट्यावर साडूंनी घेतलेल्या पाढ्यांवर लहानाच्या मोठ्या झाल्या. आता त्या आपल्या पोरांना घेऊन येतात, गाणी म्हणतात, झोका घेतात, आणि जाताना अक्का प्रत्येकीच्या पिशवीत तिखटाचा एक डबा घालतात. त्या गेल्या की साडू झोक्याचे दोर सोडतात, ते गुंडाळायला त्यांना उगाच फार वेळ लागतो. मी एकदोनदा मदत करायला गेलो, तर नको म्हणाले.

चौथ्या दिवशी गडी कामावर आले आणि पहिल्याच अहवालानं घरात वीज पडली. ‘आपल्या गावाच्या नावाचा उल्लेख अचानक वाढला आहे. सूर नकारात्मक आहे.’ झालं असं होतं, की सणाच्या आदल्या दिवशी बायकांनी शेवटचं दळण काढून गिरणी धुतली आणि ते लाल पाणी रस्त्याकडेच्या गटारात गेलं. त्याच वेळी नवापूरचे एक सेवानिवृत्त साहेब तिथून चालले होते. त्यांना ग्राहकांना जागं करण्याचा नाद. त्यांनी गटाराचा व्हिडिओ काढला, अक्कांच्या गटाची पाटी दाखवली आणि खणखणीत आवाजात सुनावलं, “बघा, हा रंग तुमच्या पोटात जातो!” तीन दिवसांत तो व्हिडिओ सुरतेच्या घराघरांत पोहोचला होता. धाकल्यानं गुजरातीतले शेरे आणले, ते वाचवत नव्हते. दुकानदारानं फोन करून माल पाठवू नका म्हणून सांगितलं. पोती पडवीत तशीच राहिली. दोघींच्या घरून निरोप आला, आता पुरे झालं. अक्का कुणावर ओरडल्या नाहीत, आणि तेच मला बघवेना. साडू दोन दिवस जेवले नाहीत. “मन्ही चूक शे, मास्तर,” ते पुन्हा पुन्हा म्हणत. “पहिल्या दिनले कळतं तं तठेच निकाली करतू. मी गडीसले सुटी दिधी.”

मी म्हटलं, चला, त्या साहेबांना गाठू. मी चार कडक वाक्यं पाठ करून घेतली होती. आम्ही पॅसेंजरनं नवापूरला गेलो. साहेब दारातच म्हणाले, “मी सत्याच्या बाजूने आहे.” आवाज तोच, व्हिडिओतला. मी पहिलं कडक वाक्य काढणार, तोच साडूंनी माझा हात दाबला आणि साहेबांना अगदी गरिबीनं विचारलं, तुमच्या घरात तिखट कुठलं? साहेब अभिमानानं म्हणाले, घरचं. पत्नी स्वतः मिरच्या आणते, वाळवते, मिक्सरमध्ये करते. साडू म्हणाले, मग थोडं करून दाखवता का? वहिनींनी मूठभर मिरच्या फिरवल्या. साडूंनी ते भांडं स्वतः मागून घेतलं, आत तांब्याभर पाणी घातलं, हलवलं आणि साहेबांच्या डोळ्यांदेखत मोरीत ओतलं. मोरी लालभडक. मग वहिनी पदर तोंडाला लावून हसायला लागल्या. “अहो, हे पाणी मी रोज ओतते. तुम्ही जन्मात कधी मिक्सर धुतलाय का?”

माणूस मात्र सच्चा निघाला. त्यानं तिथल्या तिथं व्हिडिओ काढून टाकला, दिलगिरीचा दुसरा केला, आणि आम्हाला जेवल्याशिवाय सोडलं नाही. आम्ही विजयी मुद्रेनं परतलो. दुसऱ्या दिवशी कारभाऱ्यानं आमच्या विजयाची हवा काढली. ‘दिलगिरीचा व्हिडिओ फारसा पाहिला गेलेला नाही. मूळ व्हिडिओच्या प्रती इतरत्र फिरत आहेत.’ पाच-सहा दिवस तोच अहवाल. साडूंनी कारभाऱ्याला उपाय विचारला, तर त्यानं ‘एखाद्या नामवंत व्यक्तीकडून प्रसार करून घ्यावा’ असं सुचवलं. साडूंनी माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली. आमच्या ओळखीत सगळ्यात नामवंत माणूस म्हणजे तालुक्याला पहिला आलेला माझा एक विद्यार्थी, आणि तो आता फोन उचलत नाही.

साडूंनी नवापूरची हकिगत मात्र घरी रंगवून सांगितली होती. वहिनींचं ते वाक्य ऐकून अक्का त्या आठवड्यात पहिल्यांदा हसल्या. मग पदराला हात पुसून, भिंतीवरच्या कॅलेंडरच्या मागे ठेवलेली नंबरांची यादी काढून, फोन घेऊन स्वयंपाकघरात जाऊन बसल्या. आम्हाला वाटलं, माहेरच्या गप्पा चालल्यात.

त्यानंतर आठवड्याभरानं एके दिवशी सकाळी सहाला ‘आजची हवा’ आली नाही. सातला नाही, आठला नाही. वर्षभर ज्याचा मला वैताग होता, तेच न आल्यानं मी इतका घाबरलो की स्कूटर काढून थेट रनाळं गाठलं. साडू ओट्यावर लॅपटॉपसमोर बसले होते. ठीकठाक दिसत होते, पण माझ्याकडे बघेनात. मी पडद्यावर वाचलं. ‘संशयास्पद हालचाल. सुरत, उधना, बारडोली, दोंडाईचा येथील अनेक खाती एकाच प्रकारचे व्हिडिओ टाकत आहेत. मजकूर जवळपास सारखा आहे. ही ठरवून चालवलेली मोहीम वाटते. खाती बनावट असण्याची शक्यता आहे. यांना अहवालातून वगळू का?’

साडूंनी पहिला व्हिडिओ लावला. एका लहानशा स्वयंपाकघरात एक बाई नळाखाली मिक्सरचं भांडं धुवत होती. लाल पाणी. कॅमेऱ्याकडे बघून म्हणाली, “हाऊ रंग नही शे. हाई मन्हा गावनी मिरची शे.” दुसरीनं पाटा-वरवंटा धुतला. तिसरीची सासू बाजूला उभी राहून गुजरातीत साक्ष देत होती. चौथीनं आधी डबा दाखवला, अक्कांच्या हातचा. त्याखाली अनोळखी बायकांनी आपापले मिक्सर धुऊन दाखवायला सुरुवात केली होती, हसत होत्या, नवऱ्यांना टोमणे मारत होत्या, आणि अधूनमधून विचारत होत्या, हे तिखट मिळतं कुठं? आतल्या खोलीत अक्कांचा फोन सारखा वाजत होता. सुरतेचा दुकानदार होता. गटातली एक बाई, तीच जिच्या घरून पुरे झालं म्हणून निरोप आला होता, पडवीत पोत्यांवर नावं टाकत होती, आणि तिचा नवरा पोतं धरून उभा होता.

“बनावट म्हनस,” साडू पडद्याकडे बोट करून मला सांगू लागले. “आरे, हाई आपली निर्मला! झोकावरथीन पडी गयथी, मी तिले दवाखानामा लई गयथू. आनि हाई सुनिता, इले नऊचा पाढा येतच नही व्हता. हाई बनावट?” त्यांनी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकानं पुसला, पुन्हा घातला. मग दोन बोटांनी, कचेरीतल्यासारखं सावकाश, त्यांनी कारभाऱ्याला लिहिलं, की वगळू नको, ही सगळी खाती खरी आहेत. लगेच उत्तर आलं. ‘नोंद घेतली. या खातेदारांचा आपल्याशी संबंध काय लिहू?’

आयुष्यभर आलेल्या प्रत्येक गोष्टीला ज्यानं क्षणात नंबर टाकला, तो माणूस त्या एका प्रश्नापुढं थांबला. त्यांनी शेवटी टंकलं, ‘आंडेर’. आमच्या बोलीत आंडेर म्हणजे लेक. तेवढ्यात अक्का बाहेर आल्या, त्यांच्या खांद्यावरून वाकून त्यांनी ते वाचलं.

“कितल्या शेतस?” त्यांनी हळूच विचारलं.

साडूंनी त्यांना बसायला बाजूला सरकून जागा करून दिली. “थांब वं,” ते म्हणाले, “आजून येई ऱ्हायन्यात.”